बारा अक्षरांचा कोड

स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, हा कोड तुमच्या देशात चालणार नाही. मी पुन्हा तपासला. बाराही अक्षरं बरोबर होती. गुरुवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले होते. गेमचा सेल सहाला संपणार होता आणि शनिवारी सर्जन माझ्या पेशंटचा, अन्वरचा हात बघायला येणार होते; पुन्हा ऑपरेशन करायचं का, ते तेव्हा ठरणार होतं.

मी हॅन्ड थेरपिस्ट आहे. संत तुकाराम नगरमधल्या एका छोट्या रिहॅब सेंटरमध्ये काम करते. चाकण, भोसरी भागातल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये हात सापडलेली माणसं ऑपरेशननंतर आमच्याकडे येतात. बोट वाकवणारी जी दोरी असते, तिला टेंडन म्हणतात. तुटलेला टेंडन सर्जन शिवतात. पण नंतर तो हलवला नाही तर आजूबाजूला चिकटतो आणि बोट वाकेनासं होतं. मग तो सोडवायला दुसरं ऑपरेशन करावं लागतं.

अन्वर शेख निघोजेच्या एका कारखान्यात प्रेस ऑपरेटर होता. वय चौतीस, मूळचा उदगीरकडचा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मशीनमध्ये सापडलं होतं. ऑपरेशनला दहा आठवडे झाले होते. यायचा वेळेवर, पण स्वतःच्या हाताकडे बघायचाच नाही. स्पंजचा बॉल दिला की दोनदा दाबायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. मी रागावले, समजावलं, त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

शेवटी कामाला आला तो ट्रक चालवायचा एक गेम. सेंटरला कुणीतरी दान दिलेला गेमिंग कन्सोल आहे, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. त्याच्या दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरला मागच्या बाजूला ट्रिगर असतो, तो बोटानं दाबायचा. थोडा दाबला की ट्रक हळू, पूर्ण दाबला की जोरात. घाटात ट्रक सांभाळायचा तर बोट सारखं कमीजास्त वाकवावं लागतं. मला नेमकं हेच हवं होतं. अन्वर अर्धा-अर्धा तास ट्रक चालवायला लागला.

पण ती फुकटची ट्रायल होती. बुधवारी ट्रक घाटात असतानाच ती संपली आणि स्क्रीनवर किंमत आली. अन्वरनं कंट्रोलर टेबलावर ठेवला.

"झालं मॅडम. ऱ्हाऊ द्या आता."

मी आमचे प्रमुख देशमुख सर यांच्याकडे गेले. "सर, गेम उद्या सहापर्यंत अर्ध्या किमतीत आहे."

"सेंटरचं कार्ड जोडायचं नाही," सर म्हणाले. मागे एका पेशंटनं चुकून बटण दाबून फुटबॉलचा गेम विकत घेतला होता, हे सर विसरले नव्हते.

"कार्ड नको. प्रीपेड व्हाउचर घेते. मोबाईलच्या रिचार्जसारखं. त्यावरचा कोड टाकला की जेवढ्याचं घेऊ तेवढेच पैसे कन्सोलच्या खात्यात येतात."

"घ्या. पण स्वस्तात बघा."

स्वस्तात बघायला गेले आणि तिथेच चुकले. नेटवर एक विक्रेता तीस टक्के सूट देत होता. मी आकडा बघितला आणि पैसे पाठवले. प्रत्येक व्हाउचर एका देशापुरतं असतं, हे मला माहीत नव्हतं. आमचं खातं भारतातलं, व्हाउचर कुठलं तरी बाहेरचं.

मी विक्रेत्याला मेसेज केला. लगेच उत्तर आलं. 'नो प्रॉब्लेम मॅडम. खात्याचा आयडी, पासवर्ड पाठवा. आम्ही इकडून टाकून देतो.'

घड्याळात साडेचार. मी आयडी टाइप केला. पासवर्ड टाइप करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुणाला देताय पासवर्ड?" अन्वर त्याच्या सेशनला आला होता.

मी सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. "नगा देऊ मॅडम. खातंच घिऊन जातील. माझ्या मेहुण्याचं चिखलीत मोबाईलचं दुकान हाय, असली रडणारी गिऱ्हाइकं रोज येतेत तिथं."

त्या खात्यात बाकीच्या पेशंट्सचेही सगळे गेम होते. मी मेसेज पुसून टाकला.

अन्वरनं डाव्या हातानं फोन लावला. "युसूफभाई, गेमचं व्हाउचर हाय का? इंडियावालंच पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हाय. पाच टक्केच सूट म्हनतोय."

मी सरांना फोन केला. "सर, आणखी एक व्हाउचर घ्यावं लागेल."

"पहिल्याचं काय?"

"गेलं, सर. माझी चूक झाली."

"हे आपल्याकडे चालेल ना?"

"विचारून घेतलंय."

"घ्या."

युसूफभाईंच्या दुकानात गर्दी होती. स्क्रॅच केलेल्या कार्डाचा फोटो यायला पाच पंचवीस झाले. खरवडताना कार्डावर ओरखडे पडले होते. मी कंट्रोलर घ्यायला वळले, तर तो अन्वरच्या हातात होता. दोन्ही हातांत. उजवी बोटं मागे वळवून त्यानं तो नीट धरला होता.

मी अक्षरं वाचत गेले, तो स्क्रीनवरच्या कीबोर्डवर एकेक निवडत गेला. शेवटी ट्रिगर दाबला. चुकीचा कोड.

"परत टाकू?"

"थांबा," मी म्हणाले. "पुन्हा पुन्हा चुकला तर काही तास कोड टाकताच येत नाही."

सातवं अक्षर आठ होतं की बी, ते कळत नव्हतं. त्यानं पुन्हा फोन लावला. युसूफभाईंनी कार्ड उजेडात धरलं असावं.

"बी. बी फॉर बॉम्बे," अन्वर म्हणाला.

पाच सेहेचाळीस. तो पुन्हा पहिल्यापासून टाकायला लागला. चौथ्या अक्षराला कंट्रोलर घसरला. तो थांबला, खाली आपल्या बोटांकडे बघितलं, पकड बदलली आणि पुढचं अक्षर घेतलं. मी वाचत राहिले. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच तो त्या हाताकडे बघत होता.

बारावं अक्षर. ट्रिगर.

पैसे जमा झाले. सहाला नऊ मिनिटं असताना गेम विकत घेतला. अन्वर म्हणाला, "चला, घाट ऱ्हायलाय," आणि साडेसहापर्यंत जागचा हलला नाही. शुक्रवारीही तेच.

शनिवारी सर्जनांनी कोन मोजायची पट्टी लावून दोन्ही बोटं तपासली. मागच्या वेळचा कागद बघितला. "बोटांचं वाकणं वाढतंय. आत्ता ऑपरेशन नको. सहा आठवडे हेच चालू ठेवा."

पहिल्या व्हाउचरचे पैसे परत आले नाहीत. विक्रेत्याचा नंबर दुसऱ्याच दिवशी बंद झाला. अन्वर पुढे त्याच कारखान्यात परत गेला, पण प्रेसवर नाही, माल रवाना करतात त्या डिस्पॅचला. तर्जनी अजूनही पूर्ण मिटत नाही. पाना धरता येतो, सही करता येते.

आता व्हाउचर घेताना मी आधी देश बघते आणि मग सूट. आणि पासवर्ड मागणाऱ्याशी पुढे बोलतच नाही.