काट्यावर कोणी नव्हतं

माझ्या भाचीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाणी भरायचं, आईला गोळ्या द्यायच्या, दोन दुकानांचे अडलेले संगणक चालू करून द्यायचे, आणि आठला आमच्या गोदामात रोजंदारीवर हजर व्हायचं. डबा बरोबर असायचा. बरेचदा तो तसाच परत जायचा. मी एकतीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. ती बसून करायची तेही कष्टच होते, हे मी कोणालाही सांगेन.

गोदामाच्या वजनकाट्याचा प्रोग्राम जुना. तो एकाच संगणकावर चालायचा आणि तो संगणक शेवटच्या घटका मोजत होता.

मालक म्हणाले, "बाराची गाडी छापील पावतीशिवाय हलणार नाही. आज पावती निघाली तर तू कायम. नाहीतर उद्या दुसरा माणूस बघतो."

कायम झाली की बाकीची वणवण थांबणार होती आणि वर्षभरात तिच्या स्वतःच्या संगणक दुरुस्तीच्या नव्या दुकानाला शटर बसणार होतं. ती फक्त "बरं" म्हणाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, पण काट्याच्या वायरी मीच ओढलेल्या, म्हणून मलाही बोलावलं होतं.

तिने जुन्या संगणकातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवलं. नव्याच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि चौकटीत जुना संगणक जागा झाला. तोच निळा रंग, कोपऱ्यात तोलाराचं नाव. तोलार म्हणजे काटा सांभाळणारा आमचा माणूस. त्याला जाऊन सहा महिने झाले होते.

"मामा, याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. यंत्राच्या पोटात यंत्र."

"पोटातलं जिवंत आहे का?"

"चालतंय. पण त्याला बाहेरचा प्रिंटर दिसत नाही."

बाहेरचा प्रिंटर तिने दोघांत मिळून वापरायला खुला केला, आतल्याला वाट दाखवली. काही नाही. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा, एकही पायरी न गाळता. साडेअकराला तिच्या लक्षात आलं, की आतला प्रोग्राम एकाच प्रिंटरला ओळखतो, नऊ महिन्यांपूर्वी जळालेल्या. तिने नव्या प्रिंटरला त्या जळालेल्याचं नाव दिलं आणि हात मागे घेतले.

प्रिंटर आपणहून सुरू झाला.

"तपासणी. सात वाजून पाच मिनिटं. एकसष्ट किलो."

मग दुसरी पावती. वेळ तीच. एकसष्ट. तिसरी. आम्ही सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. काट्यावर कोणी नव्हतं.

"ही तोलारभाऊंची वेळ," मुकादम हळूच म्हणाला. रोज सकाळी तोलार आधी स्वतः काट्यावर उभा राहायचा. काटा खरा बोलतो का ते बघायचा, मगच पहिलं पोतं.

"पोरी, बंद कर ते! गेलेल्या माणसाला कशाला उभं करतेस?" मुकादमाचा आवाज चढला.

"पुसून टाक सगळं," मालक दारातूनच ओरडले.

"पुसलं तर बाराची गाडी विसरा," ती म्हणाली. "या पावत्या रांगेत अडकल्या होत्या. प्रिंटर जळाल्यावर मालाच्या पावत्या ते हाताने लिहायचे, पण सकाळची तपासणी रोज छापायला टाकायचे. आज वाट मिळाली. संपू द्या."

सगळ्यांना पटलं. तरी प्रिंटरजवळ कोणी जाईना. तीच एकेक पावती उचलून वाचत होती. अठ्ठावन्न. पंचावन्न. बावन्न. त्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं जायला लागली, तेव्हा आम्ही म्हणायचो, "काय तोलारभाऊ, वहिनी उपाशी ठेवतात का?" तोही हसायचा. रोज आकडा त्याच्या डोळ्यांसमोर येत होता. आम्ही काटा तपासला, माणूस नाही.

एकोणपन्नासवर तारीख तो गेला त्या दिवसाची होती. पण प्रिंटर थांबला नाही. आणखी एक पावती आली. तारीख दुसऱ्या दिवसाची, सात वाजून पाच. शून्य किलो.

मुकादम बाहेर निघून गेला.

त्या शून्याच्या पावतीची कळ मीच दाबली होती, तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी काट्याजवळ कोणीच नव्हतं, ते मला बघवलं नाही. काट्यावर उभं राहायची मात्र हिंमत झाली नाही. मी तेव्हाही बोललो नाही, आताही नाही.

मग मालाची पावती निघाली. बाराची गाडी बाराला गेली. भाची कायम झाली.

आता ती सातलाच यायची. सात वाजून पाच मिनिटांनी स्वतः काट्यावर उभी राहायची आणि पावती खिळ्याला टोचायची. मी रोज फेरी मारून त्या वाचू लागलो. सेहेचाळीस. पंचेचाळीस. महिन्याच्या शेवटी त्रेचाळीस.

"मामा, काटा बिघडलाय वाटतं."

मी काट्यावर चढलो. बहात्तर, घरच्या डॉक्टरांकडेही तेवढंच भरलं होतं.

"काटा ठीक आहे," मी म्हणालो. "उद्या रजा टाक."

"शटरवाल्याला आगाऊ पैशांचा शब्द दिलाय."

"मी सांगतो त्याला."

पहिल्या पगारात तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, दुसऱ्यात औषधं आली.