भाडं वाढवा हो, मालक!

माझे काका चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर डोळे फोडायचे आणि स्वतःच्या घरात मात्र डोळेझाक करायची, असा हा माणूस. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून चार वर्षं पाणी गळत होतं. बरोबर वर घरमालकांचं न्हाणीघर. मालक अंघोळीला शिरले की काकू शेगडीपाशी छत्री उघडायच्या आणि मगच फोडणी टाकायच्या.

मालक सत्तरीचे, एकटे, निवृत्त हेडक्लार्क. काका तक्रार घेऊन वर गेले की एकच उत्तर मिळे, "अरे, या भाड्यात?" भाडं खरोखरच लाजिरवाणं होतं. वीस वर्षांत एका पैशानेही वाढलं नव्हतं. मग काकांची मान खाली जायची आणि ते मुकाट्याने चहा पिऊन परत यायचे. मला या मवाळपणाचा मनस्वी राग यायचा.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "पहिल्या तारखेपर्यंत छत कोरडं झालं नाही, तर मी बहिणीकडे जाते राहायला. तुम्ही बसा छत्रीत."

काकूंशिवाय काकांना स्वतःचा रुमालही सापडत नाही. ते हादरले. विचार करकरून त्यांनी एक अजब तोडगा काढला. भाडं आपणच वाढवायचं, म्हणजे तक्रार करायचा हक्क मिळेल! मला साक्षीला घेऊन ते वर गेले.

"मालक, या महिन्यापासून पाचशे जास्त घ्या."

"डोकं फिरलंय का तुझं? दमडी जास्त घेणार नाही."

"मग हजार घ्या!"

"हजार? जा, उद्यापासून निम्मंच दे."

काका दीड हजारावर चढले, मालक पाव भाड्यावर उतरले.

"फुकट राहा!" मालक गरजले.

"फुकट राहायला मी काय भिकारी आहे?" काकांना इतक्या मोठ्याने बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी मध्ये पडलो नसतो, तर मालकांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून काकांच्या हातावर ठेवले असते.

"पण आजोबा, जास्त घ्यायला तुमचं काय जातंय?" मी चिडून विचारलं.

मालक खुर्चीत बसले. "बाहेरच्याएवढं भाडं घेतलं, तर हा बाहेरच जाईल ना. इथे राहायला त्याला कारण काय उरलं?" मग हळूच म्हणाले, "खालून भांड्यांचा आवाज आला नाही, तर मला हे घर खायला उठेल रे."

मला फार वाईट वाटलं.

मीच कागद पुढे ओढला. भाडं तीनशेने वाढवायचं आणि भाडेकरूने घर सोडून जायचं नाही, असं लिहिलं. दोघांनी सह्या ठोकल्या. मालकांनी तो कागद तीनदा वाचला आणि त्यांची कळी खुलली. छताचं लिहायचं राहूनच गेलं, हे माझ्यासारख्या शहाण्याच्याही लक्षात आलं नाही.

तेवढ्यात कपाळ पुसत काकू वर आल्या. "ठरलं का? छत कधी होणार?"

"होईल की सावकाश," मालक प्रसन्नपणे म्हणाले. "आता तुम्ही जाणारच नाही म्हटल्यावर घाई कसली?"

काकूंनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि टराटरा फाडला. मालक तसेच अनवाणी जिना उतरून प्लंबरला शोधायला धावले.