बिब म्हणजे लाळेरं!

धावणाऱ्या माणसाकडे काय साठतं? लोकांना वाटतं, किलोमीटर. छे! किलोमीटर घड्याळात साठतात आणि घड्याळ बिघडलं की जातात. साठतात ते किस्से. माझं शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक फ्रेम निवडत बसलं की मी एक किस्सा सांगतो. ते आणखी फ्रेमा काढायला लावतं, मी आणखी किस्से काढतो. विक्री होतेच असं नाही.

आमच्या ग्रुपचं नाव 'साडेपाच'. जमायची वेळ सहा. निघायची वेळ, आपटे आल्यावर! आपटे म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर. मनगटावरच्या घड्याळाला सॅटेलाइट सापडल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत. सगळ्यांत पुढे असते मुग्धा. ती आमची पेसर, म्हणजे तिच्या वेगाला वेग जुळवून बाकीच्यांनी धावायचं. तिच्या मागे तिचा नवरा सागर. सप्तपदी सोडली तर तो तिच्या पुढे कधी गेलेला नाही. आणि सगळ्यांत शेवटी मी, नंदूकाका. शेवटी धावण्याचा एक फायदा आहे, पुढे कोणाचं काय चाललंय ते सगळं दिसतं.

तर या मुग्धा-सागरला बाळ झालं, त्याचे हे किस्से.

* * *

एका रविवारी मुग्धा चक्क माझ्या शेजारी धावायला लागली. मी घाबरलोच.

"काय गं, गुडघा का?"

"नाही काका. डॉक्टर म्हणाल्या, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने धावा."

"कुठल्या डॉक्टर?"

ती नुसती हसली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला!

"अजून कुणाला सांगू नका हं," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर आवाज बदलला. "काका, माझ्या ऑफिसमधल्या दोघींचं बाळ झाल्यावर धावणं सुटलं. 'बघू, बघू' म्हणत शूजसुद्धा देऊन टाकले त्यांनी. माझं सुटू देऊ नका. प्रॉमिस?"

आता सगळ्यांत मागे धावणाऱ्याने सगळ्यांत पुढे धावणारीला काय कपाळ वचन द्यायचं! पण दिलं.

पुढे काही आठवड्यांनी सागरला राहवेना. टेकडीच्या पायथ्याशी चहा घेताना त्याने एकदम जाहीर केलं, "डिसेंबरचा पहिला आठवडा! फिक्स!"

आपट्यांनी बशी खाली ठेवली. "वा! फुल मॅरेथॉन की हाफ?"

सागर गोंधळला. "म्हणजे काय काका? पूर्ण नऊ महिने!"

* * *

मुग्धाला आई नाही. मुग्धा शाळेत असतानाच ती गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी, हा प्रश्नच नव्हता. सागरच्या आई, सुमनताई, शहराबाहेरच्या मांजरी गावाहून बॅग भरून आल्या. मांजरीला त्यांचा ऊस आहे. उसाच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर उभे राहिलेत, पण सुमनताईंचा आवाज अजून बांधावरून बांधावर जाणारा आहे. फ्लॅटमध्ये तो मावत नाही.

डोहाळजेवण ग्रुपने करायचं ठरवलं, तळजाईच्या पठारावर, झाडाखाली. सुमनताईंनी तिथे पहिल्यांदा आम्हा लोकांना धावताना पाहिलं. मीही नेमका तेव्हाच धापा टाकत पोचलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"भाऊ, एवढं पळताय कशापाई? कुत्रं मागं लागलंय का?"

तेव्हापासून आमच्यात कुणी जरा वेग वाढवला की बाकीचे विचारतात, "कुत्रं का?"

पण किस्सा तो नाही. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. होणाऱ्या आईने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्यांचं खातं आपट्यांकडे होतं. मुग्धाने उघडली, बर्फी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवरताना मी सहज दुसरं झाकण उचललं. तिथेही बर्फी!

"आपटे, पेढा कुठंय?"

आपटे शांतपणे म्हणाले, "लाँग रननंतर माझी शुगर डाऊन झाली होती."

मुलगी झाली. आपटे आजही म्हणतात, "माझं प्रेडिक्शन शंभर टक्के होतं."

* * *

सागरने त्याच डिसेंबरात आयुष्यातली पहिली फुल मॅरेथॉन नोंदवून ठेवली होती. वर्षभर घाम गाळला होता. शर्यत रविवारी आणि मुग्धाला हॉस्पिटलात न्यावं लागलं शनिवारी. सागरने मॅरेथॉनचा 'म'सुद्धा काढला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण पायांना कोण सांगणार? ते धावायला तयार होऊन बसलेले! कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. घड्याळाने मध्येच 'आजचं ध्येय पूर्ण' म्हणून अभिनंदनही केलं.

शेवटी लेबर रूमचं दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

"मुग्धाचे मिस्टर कोण?"

सागर जागच्या जागी गार. "मी! काय झालं?"

"अजून काही नाही. त्यांनी निरोप दिलाय. म्हणाल्या, 'तो बाहेर फार जोरात चाललाय. त्याला सांगा, पहिल्यालाच एवढा वेग लावलास तर शेवटपर्यंत टिकायचा नाहीस!'"

* * *

नावाची चर्चा महिनाभर चालली. सागरच्या डोक्यात 'गती' होतं. सुमनताईंनी एका वाक्यात निकाल लावला, "उद्या कुणी 'सद्गती' म्हणलं म्हंजी?"

आपट्यांनी 'धावती' सुचवलं. त्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

शेवटी रेवा ठरलं. सुमनताई म्हणाल्या, "नदीचं नाव हाय. नदी बी पळतीच की. झालं की समाधान?"

सव्वा महिना मुग्धाला उंबरा ओलांडू दिला नाही त्यांनी. शेक, शेगडी, हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. हे लाडू एकदा सागर डबाभर घेऊन आला. आम्ही नेहमी खातो त्या महागड्या एनर्जी बारच्या तोंडात मारतील असे! डबा टेकडीवरच रिकामा झाला. मग दर रविवारी डबा यायला लागला. आणि एका रविवारी त्या डब्यापाठोपाठ सुमनताईंचा फोन आला, स्पीकरवर.

"आपटेभाऊ हायत का तिथं?"

"बोला ना ताई! फार सुंदर झालेत लाडू. एक विचारायचं होतं, यात कार्ब किती असेल?"

"कार्ब न्हाय, डिंक हाय त्यात. आता मला सांगा, बाळंत नक्की कोण झालंय? माझी सून का तुमी?"

* * *

रेवा बसायला लागली तेव्हा डॉक्टरांनी मुग्धाला धावायची परवानगी दिली. ती आली. शूज घट्ट बांधले आणि जुन्या सवयीने सगळ्यांच्या पुढे निघाली. पहिल्या वळणावर मी पोचलो तर ही कठड्यावर बसलेली. डोळ्यांत पाणी.

"काका, हे पाय माझे नाहीतच. आधी मी बोलत बोलत चढायचे इथे."

मी बसलो शेजारी. ही मुलगी मला स्वतःच्या मुलीसारखी आहे आणि तिला असं बसलेलं बघणं मला जड गेलं. शेवटी म्हणालो, "आता माझ्याबरोबर धाव. माझ्याबरोबर धावलं की कुणालाही आपण फास्ट आहोत असं वाटतं."

हसली. रोज माझ्याबरोबर यायला लागली. पण घरी सांगायची, "आई, जरा फिरायला जाऊन येते." कारण सुमनताईंचं पक्कं मत होतं, अंगावर पाजणारीने उन्हातान्हात पळू नये, दूध आटतं.

"डॉक्टरांचा हवाला देऊन बघ," मी म्हटलं.

"प्रश्न तो नाही हो. दिवसभर रेवाचं करतात, संध्याकाळी कंबर धरून बसतात. माझी आई असती तर तिच्याशी भांडले असते. यांच्याशी कशी भांडू? यांनी तर सगळं आपण होऊन केलंय."

* * *

हिवाळा आला आणि आमच्या भागातली दहा किलोमीटरची छोटी शर्यत जाहीर झाली. मुग्धाने नाव दिलं. ठरलं असं की, घरी 'ग्रुपचा कार्यक्रम आहे' सांगायचं आणि सागरने तिचा पेसर व्हायचं. "ही पूर्ण झाली तर माझं धावणं राहिलं," ती मला म्हणाली. "नाही झाली, तर शूज देऊन टाकीन." माझी झोपच उडाली.

शर्यतीचा नंबर छापलेला कागद मिळतो, तो छातीवर टाचण्यांनी लावायचा. त्याला आम्ही बिब म्हणतो. शनिवारी सागर बिब आणायला गेला. मुग्धाने स्वयंपाकघरातून फोन लावला, सुमनताई शेजारी लसूण सोलत बसलेल्या.

"बिब मिळालं का? नंबर काय आहे?"

"बिब म्हंजी?" सुमनताईंनी मान वर केली.

मुग्धाची बोबडी वळली. "ते... लाळेरं, आई. रेवाचं. इंग्लिशमध्ये बिब म्हणतात."

"आन त्याला नंबर असतोय?"

"साइज, आई! साइज!"

"हं," म्हणून सुमनताई परत लसणाकडे वळल्या.

ग्रुपवर हे कळल्यावर आपट्यांनी लगेच विचारलं, "काय साइज निघाला पोरीचा?"

सागरने लिहिलं, "चार आकडी!"

* * *

रविवारी मैदानावर हीऽ गर्दी. गाणी, फुगे, स्पीकर. मी आणि आपटे फक्त टाळ्या वाजवायला गेलो होतो. शर्यत सुटायला थोडा वेळ उरला होता. मुग्धाने बिब काढायला बॅग उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

बॅगेत एक लाळेरं होतं. जुन्या जांभळ्या साडीचं, घरी शिवलेलं, गळ्याला नाडी.

"मी स्वतः बिब ठेवलं होतं रात्री! टाचण्यांसकट!" सागर बॅग झाडायला लागला.

मुग्धा खाली बसली आणि शूजची लेस सोडायला लागली. "जाऊ दे रे. नसेलच नशिबात."

वचन मी दिलं होतं, आणि माझ्या हातात काही म्हणजे काहीच नव्हतं.

सागरने घरी फोन लावला. "आई, बॅगेत लाळेरं आलंय!"

"मग? बिब म्हंजी लाळेरंच ना? तीच म्हणाली."

सागरने फोन स्पीकरवर टाकला.

"उलटं कर की त्येला," फोनमधून आवाज आला.

मुग्धाने लाळेरं उलटं केलं. मागे तिचा नंबर, चारी कडांनी बारीक टाक्यांनी शिवलेला. कमरेला बांधायला आणखी दोन नाड्या.

"टाचण्या काढून टाकल्यात मी. पळून आल्या आल्या पोरीला पदराखाली घेशील, टोचंल तिला."

"आई... तुम्हाला माहीत होतं?"

"फिरायला जानारीचे बूट एवढे झिजत्यात व्हय? ठेव फोन. पोरगी उठली."

आपटे नंबराच्या मागच्या, वेळ मोजणाऱ्या चिपमधून टाका गेलाय का, ते फार वेळ तपासत राहिले. मग पाठ फिरवून चष्मा पुसत बसले. मीही पुसला. दुकानात एवढे चष्मे, पण त्या वेळी मला एकातूनही धड दिसलं नसतं.

* * *

शेवटच्या वळणापाशी आम्ही उभे होतो. बरेच लोक येऊन गेले, तरी मुग्धा दिसेना. तेवढ्यात शेजारी रिक्षा थांबली. सुमनताई उतरल्या. कडेवर टोपडं घातलेली रेवा, गळ्यात तिचं स्वतःचं लाळेरं, त्याच जांभळ्या साडीचं.

"आली का?"

"अजून नाही, ताई."

मग दिसली. सागर तिच्या एक पाऊल पुढे, सप्तपदीनंतर पहिल्यांदाच. जांभळ्या कापडावर नंबर. पण पाय ओढत होती. कमरेवर हात गेला, वेग उतरला, आणि फिनिशची कमान समोर दिसत असताना ती थांबली.

"कमॉन! यू कॅन डू इट!" दोन्ही बाजूंनी पोरं ओरडायला लागली.

"भाऊ, काय वरडत्यात हे?" सुमनताईंनी विचारलं.

"धीर देतायत, ताई."

"असा देत्यात व्हय धीर?"

त्यांनी रेवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, गर्दीतून वाट काढत दोरीपर्यंत गेल्या, आणि मांजरीच्या बांधावरचा तो सगळा आवाज लावून ओरडल्या,

"मुग्धे, पळ! कुत्रं लागलंय मागं!"