माझ्या मेहुण्याला आलेल्या देवी

माझ्या मेहुण्यासारखा माणूस आगाशीच्या केळीच्या वाडीत जन्माला घालणं ही निसर्गाची उघड चूक होती, आणि ती निसर्गाच्या लक्षात आणून देण्याचं काम मेहुण्याने जन्मभर इमानेइतबारे केलं. तसा तो कुणाचीच चूक लक्षात आणून दिल्यावाचून राहत नसे. भटजींनी सांगितलेला मुहूर्त, कीर्तनकाराचं संस्कृत, बाजारातल्या वाण्याचं माप, यांपैकी काहीही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाजवळ येऊन त्याने मला हळूच सांगितलं होतं, "भावोजी, हे चौथं कडवं वृत्तात बसत नाही हं." त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. मी विरारला शाळामास्तर होतो आणि सवड मिळाली की बायकोला घेऊन आगाशीला सासुरवाडी गाठायचो. मेहुणा तेव्हा मुंबईला जंतुशास्त्राच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. त्यातही त्याचा जीव एकाच विषयावर जडलेला. शरीर रोगाशी कसं लढतं, एकदा येऊन गेलेला रोग पुन्हा का येत नाही, टोचल्याने काय होतं, याचं ते शास्त्र. इंग्रजीत त्याला इम्युनॉलॉजी म्हणतात. आगाशीच्या बाजारात या नावाचा उच्चार करण्याच्या फंदात कोणी पडलं नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात 'विमा' लागला, आणि धाकटा विम्याचं शिकतो अशी बातमी पार चांदीप गावापर्यंत पोचली. दोघेतिघे तर हप्ता किती बसेल ते विचारायलाही आले. मेहुण्याने त्यांना ओट्यावर बसवून तासभर पांढऱ्या पेशी समजावून सांगितल्या. ती माणसं पुन्हा विम्याच्या वाटेला गेली नाहीत.

जे शिकेल ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. दिवाळसणाला इतर मेहुणे जावयाचा जोडा लपवतात, माझ्या पहिल्या दिवाळसणाला याने मला पाटावर बसवून माझ्या बोटाला सुई टोचली. दोन कुप्यांमधून कसलंसं पाणी आणलं होतं, ते काचपट्टीवर माझ्या रक्ताच्या दोन थेंबांत कालवलं आणि गुठळ्या धरतात का ते बघत बसला. दोन्ही थेंबांत गुठळ्या धरल्या. तेव्हा घरादारासमोर त्याने निकाल दिला, "भावोजी, तुम्ही कुणाचंही रक्त घेऊ शकता. देऊ मात्र फारसं कुणाला शकत नाही. जावयाला शोभेल असंच आहे." पुढची पाळी सासू-सासऱ्यांची. त्या दोघांचं रक्त जुळत नाही असं निघालं. सासरे फार मोजकं बोलत. त्यांनी बोट चोखत म्हटलं, "हे लगीन ठरवताना सांगायचं होतंस." सासूबाई मात्र दोन दिवस घुश्शात होत्या. पत्रिका जुळवणाऱ्या भटजींना त्यांनी बोलावणं धाडलं ते वेगळंच.

असा हा विद्वान आधल्या वर्षी नेमका त्याच विषयात नापास झाला होता. पहिला प्रश्न त्याला इतका आवडला की त्याचं उत्तर लिहिता लिहिता पेपरची वेळ संपली. पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या आणि बाकीच्या प्रश्नांना हात लावला नाही. "अर्धवट उत्तर देणं म्हणजे खोटं बोलणं," असं त्याचं म्हणणं. परीक्षकांचं म्हणणं निराळं पडलं. सासऱ्यांनी तेव्हा एवढंच सांगितलं, "अजून एक डाव देतो. या खेपेला नाय झालं तर वाडी संभाळायला ये." सासऱ्यांचा शब्द म्हणजे शब्द. वाडीत आलेला मेहुणा माझ्या डोळ्यांसमोर येईना. केळीच्या घडाची चूक काढत हा माणूस पाटाच्या पाण्यात उभा राहिला असता, आणि पाणी शेजाऱ्याच्या वाडीत गेलं असतं.

अभ्यासाच्या सुट्टीत तो घरी आला तो डोक्यात प्रयोग घेऊन. लहानपणापासून कोळंबी खाल्ली की त्याच्या अंगावर पित्त उठे. समुद्राकाठच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. घरात कोळंबीचं कालवण शिजलं की त्याच्या ताटात वरण, आणि वर सगळ्यांची कीव. आता त्याला शास्त्र सापडलं होतं. शरीराला जी वस्तू परकी वाटते तिची कणाकणाने ओळख करून द्यायची, म्हणजे ते भांडण सोडतं. त्याने सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, कुटून तिची पूड केली आणि रोज चिमटीच्या टोकावर मधातून घ्यायला लागला. मध रोज तेवढाच, पूड किंचित जास्त. आठवडाभर काही झालं नाही तसा त्याचा चेहरा खुलला. "कोळंबी माझी पाहुणी झाली, भावोजी," म्हणाला.

पेपरच्या आदल्या दिवशी मी तिथेच होतो. संध्याकाळच्या बसने विरार गाठायचं, मुंबईला मित्राकडे मुक्काम आणि सकाळी पेपर, असं ठरलेलं. सकाळी अर्नाळ्याची कोळीण ताजी कोळंबी घेऊन दारात आली. मेहुण्याने तिलाही आपला प्रयोग सांगितला. तिने टोपली उतरवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुकटीची ओलख काय कामाची, बाला? सुकटीत पानी नाय, जीव नाय. ताजी खाऊन बघ." शास्त्रज्ञाला हे बोलणं लागलं. दुपारी त्याने वरणाची वाटी बाजूला सारली आणि आईची नजर चुकवून कालवण ओरपलं.

तिसऱ्या प्रहरी तो अंग खाजवत माजघरातून बाहेर आला. तोंडावर, हातांवर, पाठीवर लालभडक गांधी, ओठ सुजलेले, अंग तापल्यासारखं. सासूबाई सूप टाकून उठल्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "आई, आलात? बसा."

एरवी ज्याला त्या 'अरे मेल्या' म्हणून हाक मारत त्याला ही बाई अहो-जाहो करू लागली, कारण आता तो त्यांचा मुलगा उरला नव्हता, देवीच्या रोगाच्या रूपाने साक्षात देवीच त्याच्या अंगात आल्या होत्या. बघता बघता दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. देवीला खपत नाही म्हणून चुलीवरची फोडणी उतरवली गेली. मेहुण्याला मऊ धोतरावर बसवून लिंबाच्या पाल्याने वारा सुरू झाला. तो ओरडून सांगत होता की हे पित्त आहे, देवीच्या पुळ्या अशा दिसत नाहीत, त्याआधी ताप येतो, मग त्या तोंडावर उठतात, त्यांत पाणी भरतं. पेशींतून काय सुटतं आणि कातडी का फुगते तेही त्याने अस्सल इंग्रजी शब्दांसकट सांगितलं. दाराशी जमलेल्या बायाबापड्यांनी हे अगम्य बोलणं ऐकलं आणि जागच्या जागी डोकं टेकलं. एकीने तर पदर पसरून विचारलं, "आई, आमच्या विहिरीचं पाणी गोडं कधी व्हयाचं?" मेहुणा म्हणाला, "समुद्र हटेल तेव्हा." ती समाधानाने घरी गेली. मी आणि बायको मागच्या पडवीत तोंडात पदर-रुमाल कोंबून उभे होतो.

बसची वेळ जवळ आली तसं हसू मावळलं. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. मेहुण्याने मला खुणेने बोलावलं. "भावोजी, तुम्ही सांगा तिला. ती जावयाचं ऐकते. आज गेलो नाही तर मी वाडीत गेलो म्हणून समजा." त्याच्या आवाजात शास्त्र बिलकूल नव्हतं.

मी उंबऱ्याशी बसलो. म्हटलं, आई, हे कोळंबीचं पित्त आहे, रात्रीत उतरेल. शिवाय त्याला लहानपणी टोचलंय, दंडावर वण आहेत, त्याला देवी येणार नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "थोरल्याला पण टोचलेलं, जावईबापू."

मेहुण्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता आणि लहानपणीच देवीत गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. त्याला टोचलं होतं हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मेहुणा धोतरावरून उठून आला. "टोचलं होतं? मग उठल्या होत्या का?"

"नाय उठल्या. टोचणारा बोलला, काय होत नाय, जा घरी. मी गेले." त्यांनी डहाळा मांडीवर ठेवला. "तेव्हा पण सगळे बोलायचे, पित्त हाय."

टोचलेल्या जागी देवी उठल्या नाहीत तर ते टोचणं वाया जातं, हे मेहुण्याच्या पुस्तकात पहिल्या धड्यातच असणार. त्याच्या स्वतःच्या दंडावर मात्र रुपयाएवढे वण होते. ते दाखवून वाद जिंकायला त्याला क्षण लागला नसता, आणि वाद सोडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्याने गुंडाळलेली बाही हळूच खाली ओढली, आईच्या शेजारी उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "राहतो मी. वारा घाल."

दिवेलागणीला सासरे वाडीतून आले. दाराचा डहाळा पाहून थबकले. माझ्या बायकोने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलाच्या गांधी पाहिल्या, बायकोचा चेहरा पाहिला, आणि पाय धुता धुता म्हणाले, "परीक्षा काय, दरसाल येते." त्यांनी आपला शब्द मागे घेतलेला मी तेवढा एकदाच ऐकला. दुसऱ्या दिवशी मुंबईला पेपर चालू असेल त्या वेळी मेहुणा ओट्यावर निवांत बसला होता, आणि त्याच्या अंगावर एक गांध उरली नव्हती. सासूबाईंनी आगाशीभर साखर वाटली. देवी आल्या, मान घेतला आणि चेहऱ्यावर एकही वण न ठेवता गेल्या, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या.

पुढल्या वर्षी तो पास झाला, तोही पहिल्या वर्गात, कारण पहिला प्रश्न त्याला अजिबात आवडला नाही. मुंबईला प्रयोगशाळेत लागला, मग शिकवायला लागला. मुहूर्त, वृत्तं आणि वाण्यांची मापं यांच्या चुका त्याने पूर्वीसारख्याच काढल्या. सासूबाई देवीची गोष्ट दर दिवाळीला सांगायच्या, दरवर्षी गांधी थोड्या मोठ्या व्हायच्या. मी मेहुण्याकडे बघायचो. तो मान हलवत ऐकून घ्यायचा. सासूबाई जाईपर्यंत त्याने त्यातला एक शब्द दुरुस्त केला नाही.

त्या गेल्यावर दोनेक वर्षांनी तो आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन माझ्याकडे जेवायला आला होता. बोलता बोलता त्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही देवीचा रोगी प्रत्यक्ष पाहिलाय?"

"मला स्वतःलाच आल्या होत्या," मेहुणा म्हणाला. "आगाशीला. आईने काढलं त्यातून."

तो मुलगा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर वण शोधत राहिला. माझी बायको ताट तसंच ठेवून आत गेली. मला सासूबाईंची फार आठवण आली.