कोर्ट उठेपर्यंत

ताई इंग्लंडमधल्या एका काउंटीची हाय शेरिफ झाली, तेव्हा बाबा सिंगापूरला माझ्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनच्या नळीवर होते. हाय शेरिफ म्हणजे नेमकं काय, ते मलाही माहीत नव्हतं. आपल्या मुंबईला नगरपाल असायचे ना, मानाचे आणि बिनपगारी, तसंच समज, असं ताईनं सांगितलं. पद एका वर्षाचं, खर्च आपल्या खिशातला. चामड्याच्या लांब गुंडाळीवर नावं लिहिलेली असतात, राजा त्यातल्या एका नावाशेजारी टोच्यानं भोक पाडतो, की झाली नेमणूक. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या राजाकडे पेन नाही का?" बाबांना ते मुळीच आवडलं नाही. सरकारी कामाची चेष्टा त्यांना कधी खपली नाही.

बाबा जिल्हा कोर्टात पट्टेवाले होते. पांढरा ड्रेस, खांद्यावरून लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. चेंबरचं दार उघडायचं, साहेबांच्या पुढे चालायचं, साहेब बसताना खुर्ची सरकवायची आणि मग दाराशी उभं राहून नावांचा पुकारा करायचा. स्वतः बसायचं मात्र नाही. त्यांचे गुडघे त्या नोकरीनंच खाल्ले असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. मी चिडायचो. एवढी वर्षं दुसऱ्याची खुर्ची सरकवून काय मिळालं तुम्हाला, असं एकदा तोंडावर विचारलंही होतं. "तुम्ही दोघं शिकलात," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

ताई दर रविवारी फोन करायची. संध्याकाळची वंदना झाली की बाबा पांढरा सदरा घालून, केस विंचरून फोनसमोर बसायचे. मुलीशी नव्हे, अधिकाऱ्याशी बोलायचं असल्यासारखे. ताई सांगायची, या आठवड्यात गरिबांसाठी धान्य गोळा करणाऱ्या बायकांना भेटले, तुरुंगात कैद्यांना वाचायला शिकवणाऱ्या एका रिटायर्ड मास्तरांना भेटले. पोलिसांच्या कार्यक्रमाला गेले, एका शाळेत बक्षिसं वाटली. तिचं मुख्य काम आभार मानायचं. ज्यांचे आभार कुणी मानत नाही, त्यांच्या दारात जाऊन, तो सगळा जामानिमा करून. काळ्या मखमलीचा कोट, गळ्याशी पांढरी लेस, पिसं लावलेली हॅट. फोटो बघून माझी मुलगी इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली, "आत्या पायरेटसारखी दिसते ला." बाबांनी तिला रागावून गप्प केलं आणि तो फोटो आपल्या कॉटसमोर लावून घेतला.

"पण अधिकार काय काय असतात?" ते दर वेळी विचारायचे.

"काहीच नाही, बाबा. पूर्वी होते. आता नुसता मान."

फोन ठेवला की मला म्हणायचे, "मोठी माणसं असंच बोलतात. आमचे साहेबही म्हणायचे, मी काय, कायद्याचा नोकर." मी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते कशावर तरी इतके खूश होते.

मग एका रविवारी ताई म्हणाली, पुढच्या आठवड्यात मला कोर्टात जायचंय, जजच्या शेजारी बसायला. तिथे तशी पद्धत आहे.

"शेजारी म्हणजे? वर?" बाबांनी विचारलं.

"हो, वरच. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर."

बाबा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही भरले, उगाच कशाला नाही म्हणू. त्या दिवशी झोपेपर्यंत ते कोर्टाच्या गोष्टी सांगत होते. एकदा एका वकिलाच्या घरून माणूस धावत आला होता, वकिलाचे वडील अत्यवस्थ आहेत म्हणून. आत उलटतपासणी चालू होती. बाबांनी त्याला दारात अडवलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. कोर्ट उठल्यावरच निरोप आत गेला. दम लागत असतानाही बाबा हे मोठ्या अभिमानानं सांगत होते.

"मग वकील वेळेत पोचले का?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत," बाबा म्हणाले.

ताईच्या कोर्टाच्या दिवशी मी पार पश्चिम टोकाला, तुआसला कामावर होतो. दुपारी घरी येऊन देखभाल करणाऱ्या नर्सचा फोन आला. ती म्हणाली, श्वास बदललाय, आजचा दिवस किंवा उद्याचा, कुणाला बोलून घ्यायचं असेल तर बोलून घ्या. तुआसहून निघालं की एमआरटी मेट्रोचा प्रवास संपता संपत नाही. घरी पोचलो तेव्हा बाबा उशांना टेकून बसले होते, शुद्धीवर होते, आणि ताईनं नुकताच पाठवलेला फोटो बघत होते. कोर्टाच्या इमारतीसमोर ती आणि दाजी. खाली लिहिलं होतं, आत चाललेय.

मी फोन हातात घेतला. बाबांनी विचारलं, "कुणाला?"

"ताईला. तिचा बंद असेल, पण दाजी तिथेच आहेत. ते चिठ्ठी पाठवतील आत."

बाबांनी हात वर केला. तळवा पुढे, बोटं सरळ. हा हात मी लहानपणी कोर्टाच्या दारात पाहिला होता.

"कोर्ट चालू असताना चिठ्ठी नाही."

"बाबा, तुम्हाला तिच्याशी बोलायचं नाही का?"

"बोलायचंय. उठल्यावर बोलू."

"आणि तोपर्यंत..."

"माझ्यासाठी तिनं कोर्ट उठवायचं?" बाबा म्हणाले. आवाज जेमतेम निघत होता, पण जरब तीच. "उद्या लोक काय म्हणतील? पट्टेवाल्याची पोर, रीत माहीत नाही."

मी फोन ठेवला. मरणाऱ्या माणसाशी भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. शेजारी बसून त्यांचा हात धरला. मध्येच डोळे उघडून ते विचारायचे, "उठलं?" मी म्हणायचो, अजून नाही. ते मान हलवायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. असं तीन-चारदा झालं. नंतर विचारलं नाही. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, रात्रीच्या जेवणाची गर्दी ओसरत आली होती, तेव्हा बाबा गेले.

नर्सला फोन करून मी अजून उभाच होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. तिकडे दुपार झाली होती, लंचसाठी कोर्ट उठलं होतं. "बाबांना दे, बाबांना दे," ती हसत म्हणाली. "त्यांना सांगायचंय, खुर्ची सरकवायला माणूस होता."

ती आली, आम्ही दोघांनी सगळं पार पाडलं. विहारातल्या भंतेजींनी सूत्रपठण केलं. माणसं आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा ठेवला, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"मला कळवलं का नाहीस?"

"त्यांनी कळवू दिलं नाही. कोर्ट चालू होतं ना."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"अरे, मी पाहुणी होते तिथे. केस जज चालवतात. मी नुसती बाजूला बसते, तोंडही उघडायचं नसतं. चिठ्ठी आली असती तर मान लववून निघून आले असते. कुणाचं काही अडलं नसतं."

"त्यांना वाटलं, तू उठलीस की कोर्ट उठलं."

"मी सांगत होते त्यांना. दर रविवारी सांगत होते."

"त्यांना ते खरं वाटायचं नाही, ताई."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. ती ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी.

"आणि तुला खरं सांगू," ती म्हणाली, "आत हिशेबातल्या कसल्या तरी घोळावर तासभर वाद चालला होता, आणि मी पेंगत होते."