महारुद्र पेंटरचं पाणी

महारुद्र पेंटरनं आयुष्यभर जे काही लिहिलं, त्यातलं लोकांनी सर्वांत जास्त वाचलेलं आणि अजिबात न मानलेलं म्हणजे ‘येथे थुंकू नये’. ताडकळसच्या आसपास ते भिंतीभिंतीवर आहे. आपण कलावंत आहोत, हे तो स्वतःच स्वतःला अधूनमधून सांगायचा. दुसरं कुणी सांगत नव्हतं. बायको रुख्मिणी फार तर म्हणायची, अक्षरं सरळ आलीत.

यंदा गावच्या पाण्याची नवी टाकी रंगवायचं काम मिळालं आणि गडी बिघडला. मोबाइलवर त्याला मेक्सिकोतल्या नाहुआत्ल बोलणाऱ्या लोकांची जुनी चित्रलिपी सापडली होती. त्यांच्यात गाव लिहायचं तर डोंगर काढायचा आणि पायथ्याला पाणी: निळा पट्टा, आत वळणदार काळ्या रेघा, पट्ट्याच्या फाटे फुटलेल्या टोकांवर एक थेंब, एक शिंपला, पुन्हा थेंब. आपल्या सपाट काळ्या रानात डोंगर कुठला? उंच म्हणावी तर ही टाकीच. त्यानं टाकीवर डोंगर काढला आणि खांबांवरून पाणी सोडलं. सरपंचांनी ‘पाणी वाचवा’ कुठंय म्हणून विचारलं, तेव्हा तेही खालच्या कडेला बारीक अक्षरात लिहून तो मोकळा झाला.

लोकांनी शिंपल्यांना शेंगोळे ठरवलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. रुख्मिणीनं एकदा तरी त्या पाण्याला पाणी म्हणावं, एवढीच त्याची आस होती. रोज सकाळी तो टाकीखाली उभा राहून स्वतःवरच खूश व्हायचा. तिथल्या नळावर आलेली रुख्मिणी हंडा भरायची आणि वर न बघता निघून जायची.

एका सकाळी नळाची धार बारीक होती. हंडा भरेना, म्हणून तिनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आज लय खरं दिसायलंय तुमचं पाणी,” ती म्हणाली. “हलल्यासारखं वाटायलंय.”

महारुद्रचा ऊर भरून आला. रंगाचे दोन हात कसे दिले, रेघ कशी वळवली, हे तो तिला सांगू लागला. सांगता सांगता ऐटीत खांबाला हात टेकला, आणि बाही कोपरापर्यंत भिजली. टाकी गळत होती.

पाणी सोडणारा बजरंग समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. एक हाक पुरली असती. पण रुख्मिणी अजून वरच बघत होती, आणि लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या कामाकडे इतका वेळ कधीच पाहिलं नव्हतं.

गावाचं पाणी वाहून चाललंय, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं ओला हात पाठीमागे धरला आणि तिला आणखी थोडं बघू दिलं.