सुनेचा टॉवर

निवृत्तीनंतर मी घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायला लागलो. खेळच तो, पण पोरखेळ नाही. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरून एकाच नकाशावर उडतात आणि काहीजण कंट्रोलर होऊन त्यांना हेडफोनवरून सूचना देतात. कंट्रोलर बसलेला असेल तो विमानतळ नकाशावर उजळलेला दिसतो, आणि वैमानिक तिकडेच जातात. आमचं नाशिक कायम अंधारात. मी दिल्लीहून, कोचीहून यायचो, इथल्या ओझर विमानतळावर उतरायचो आणि "या" म्हणायला कोणी नसायचं.

म्हणून मी सुनेला तयार केलं. ती शाळेत गणित शिकवते. आवाज स्वच्छ, डोकं थंड. विमान माझ्या खोलीत, तिचा टॉवर बाहेर जेवणाच्या टेबलावर. तिचा आवाज मला हेडफोनमधून आणि दारातून, दोन्हीकडून ऐकू यायचा. रविवारी संध्याकाळी नाशिक उघडं असतं, असं मी सगळ्या ग्रुपवर कळवून टाकलं. आधी दोन-चार विमानं आली, मग वाढत गेली. एकदा तर इगतपुरीच्या डोंगरांवर घिरट्या घालत रांग लागली. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी चिडतो, पण ही गर्दी बघून मला भरून आलं.

त्या रांगेत मी स्वतः कधीच अडकलो नाही. मागून आलो तरी ती मलाच आधी उतरवायची. मला वाटायचं, आपलं उडवणंच इतकं बिनचूक. शेवटी पुण्याच्या एका वैमानिकाने ग्रुपवर विचारलं, "नाशिकला सासऱ्यांची रांग वेगळी असते का?" लोक हसले आणि पुढच्या रविवारी निम्मे आलेच नाहीत. पाठोपाठ तिची कंट्रोलरची परीक्षा झाली. दुसऱ्या शहरात बसून ऐकणाऱ्या परीक्षकाने तिला नापास केलं. कारण तेच, एका विमानाला झुकतं माप.

"बाबा, तुम्हाला थांबा कसं म्हणू?" ती म्हणाली. "तोंडातून शब्दच निघत नाही."

"तिथे मी बाबा नाही, एक विमान आहे. जमत नसेल तर फेरपरीक्षेच्या दिवशी मी उडत नाही."

"नको. तुम्हालाच सांगता आलं नाही तर पास होऊन काय उपयोग?"

दुसऱ्यांदा नापास झाली असती तर तिला टॉवरवर बसता येणार नव्हतं, म्हणजे नाशिक पुन्हा बंद. त्या रविवारी तिने मला चक्क थांबवून ठेवलं. माझ्यानंतर कोणी पुढे गेलं नाही, माझ्याआधीचे मात्र सगळे गेले. मग माझा नंबर लागला. उतरायला आलो, समोर मोकळी धावपट्टी, आणि हेडफोनमध्ये तिचा आवाज, गो-अराउंड. म्हणजे उतरू नका, परत वर जा. कारण काय ते मला कळेना. मी खाली येतच राहिलो. तिने पुन्हा सांगितलं, माझ्या विमानाचं नाव घेऊन, आमच्या घरात मी कधी न ऐकलेल्या आवाजात. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण वर गेलो.

ती पास झाली. मी बाहेर येऊन म्हणालो, "शाब्बास. पण धावपट्टी तर मोकळी होती की."

ती हसली नाही. "नव्हती, बाबा. आधीचं विमान अजून तिथेच उभं होतं."

मी माझं प्रत्येक उड्डाण रेकॉर्ड करतो. हट्टाने तिला खोलीत नेलं आणि ते लावलं. धावपट्टी जवळ आली, मला काहीच दिसलं नाही. तिने पडद्यावर बोट ठेवलं, तेव्हा दिसलं. मधोमध, पांढरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीला म्हणून स्कूटर बाहेर काढत होतो. ती शाळेला निघाली होती, ती फाटकात येऊन उभी राहिली.

"बाबा, डोळे तपासल्याशिवाय स्कूटर नाही. किल्ली द्या."

घरात मला असं कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मुलानेही नाही. तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. मी किल्ली दिली.